रॅम्प बांधला म्हणजे झालं का?

‘नाट्यगृहात रॅम्प बांधा, खुणांच्या भाषेचा दुभाषी आणा, पण संस्थेचं नेतृत्व अपंग व्यक्तीकडेच हवं हा हट्ट नको. ते काम त्यांना झेपत नाही, दर्जा घसरतो,’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातल्या एकेका मुद्द्याला हे उत्तर.

‘सोयी दिल्या की पुरे.’ सोयी कोण ठरवतं, यावरच त्या कामाला येतात की नाही हे अवलंबून असतं. रॅम्प बहुतेकदा प्रेक्षकांच्या दाराशी असतो. रंगमंच, मेकअप रूम आणि लाइटच्या केबिनला मात्र पायऱ्याच. व्हीलचेअरवरच्या माणसाने नाटक फक्त बघायचं, हे बांधतानाच ठरून जातं. रंगमंच १ मीटर उंच असेल, तर १:१२ उताराने १२ मीटर रॅम्प लागतो, शिवाय मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा. ही जागा नकाशातच धरावी लागते. उशिरा आठवलं की विंगेत तीन-चार मीटरची फळी टाकतात आणि चढताना व्हीलचेअर मागे कलंडते.

दुभाष्याचंही तेच. त्याला कोपऱ्यात उभं करतात. ब्लॅकआउटमध्ये हात दिसत नाहीत, संवाद मात्र चालूच राहतात. त्याच्यावर वेगळा स्पॉटलाइट हवा, संहिता काही आठवडे आधी हवी, मोठ्या नाटकाला दोघे हवेत आणि दर २०-३० मिनिटांनी अदलाबदल हवी. दिग्दर्शकच कर्णबधिर असेल, तर या गोष्टी रंगीत तालमीपर्यंत लांबत नाहीत.

‘ऐकू येत नाही तो दिग्दर्शन कसं करणार?’ जेनी सीली कर्णबधिर आहेत. १९९७ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या ग्रेआय नाट्यसंस्थेची सूत्रं घेतली आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याचं सहदिग्दर्शन केलं. कर्णबधिर दिग्दर्शकाच्या तालमीत दुभाषी असतो आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. क्यू, म्हणजे कधी सुरू करायचं याचा इशारा, दिव्यावर देता येतो: लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे सुरू करा. ऐकू येणाऱ्यांच्या नाटकांतही विंगेत हेच दिवे वापरतात.

‘दर्जा घसरतो.’ ऑस्ट्रेलियातल्या बॅक टू बॅक थिएटरचे मुख्य कलावंत अपंग आहेत. २०२४ मध्ये इटलीतल्या व्हेनिस बिएनाले या कलामहोत्सवाने या संस्थेला रंगभूमीचा ‘सुवर्णसिंह’ जीवनगौरव पुरस्कार दिला.

‘पात्र उमेदवारच येत नाहीत.’ मग जाहिरात तपासा. वाहन परवान्याची अट काढा. मुलाखतीचे प्रश्न दोन दिवस आधी पाठवा, दुभाष्याचा आणि सहायकाचा खर्च संस्थेने उचलावा आणि तो पगारातून नव्हे, वेगळ्या तरतुदीतून द्यावा.