चहाला ठरलं होतं

आज २ एप्रिल, जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. मार्च एन्ड उरकून आमचं अकाउंट्स अजून डोळे चोळतंय आणि एचआरने दुपारी चार वाजता मजल्यावर निळ्या फुग्यांची कमान उभी केली. निळे टी-शर्ट, निळ्या आयसिंगचा केक, स्पीकरवर ढणाढणा गाणं. मग कुणालातरी जोर चढला आणि फुगे फोडायला सुरुवात झाली. ऑटिझमच्या नावाने! मी लॅपटॉप उचलला, जिन्यात जाऊन बसले आणि तिथेच बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आमची नोंद आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं काम, पूर्ण केलं. (जुळलं. पैशापर्यंत.)

परत आले तर एचआरवाली केकची डिश घेऊन समोर. "अगं, कुठे होतीस? फोटोत राहिलीस ना!"

तिला माहितीये. माझ्या निदानाचा कागद तिच्याच फायलीत आहे.

तर आज लिहितेच. माझ्या यादीतल्या बहुतेकांना मुळापासून सांगायची गरज नाही. नव्यांसाठी एवढंच: हो, मी ऑटिस्टिक आहे. निदान तिशी उलटल्यावर झालं. नोकरी, नवरा, गृहकर्ज सगळं यथास्थित आहे. नाही, मला कुठल्याही तारखेचा वार सांगता येत नाही. आणि "वाटत नाहीस गं" हे कौतुक म्हणून सांगू नका, ते न वाटण्यासाठी दिवसभर काय करावं लागतं ते घरी आल्यावर माझ्या नवऱ्याला दिसतं.

मला काम कधीच जड गेलं नाही. टू-बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) आणि आमचं परचेस रजिस्टर समोर ठेवा, कुठल्या सप्लायरने बिल दाखवलेलं नाही ते मी चहा गार व्हायच्या आत सांगते. जड जातं ते कामाच्या भोवतीचं. कुठे हसायचं, कुठल्या "बघू" चा अर्थ नाही असा, कुठला "बघू" खरंच बघू. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. मी पैशाच्याच खात्यात आहे, तिथे सोंग लागत नाही म्हणून सुखात आहे. बाकीची सगळी आणावी लागतात.

आधीच्या नोकरीतली गोष्ट. भोसरीत एक छोटी कंपनी होती. संध्याकाळी सगळे समोरच्या टपरीवर चहाला जायचे. मी जायचे नाही. रस्त्याला लागून टपरी, ट्रकचे हॉर्न, चार जण एकाच वेळी बोलणार. तिथून आल्यावर मला पुढचा तासभर स्क्रीनवरचे आकडे लागायचे नाहीत. एका महिन्यात साहेबांचा मेल आला, "सगळी बिलं घेऊन दहा तारखेला जीएसटीआर-वन भरून टाक." जीएसटीआर-वन म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न. भरलं. दुसऱ्या दिवशी साहेब टेबलापाशी. एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता म्हणे, की आमचं बिल दुसऱ्या कंपनीच्या जीएसटी नंबरवर टाका. मला कुणी सांगितलं होतं? नाही.

"अगं, ते चहाला ठरलं होतं ना!"

"मी चहाला नव्हते, सर."

"मग विचारायचं नाही का?"

काय विचारायचं? मला आजही या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. रोज संध्याकाळी जागेवरून उठून विचारायचं, "आज टपरीवर कुठल्या गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर बदलला का?" भरलेलं रिटर्न मागे घेता येत नाही, दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये. तोवर गिऱ्हाइकाला त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट दिसेना, त्याने पेमेंट अडकवलं. आणि अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे काय आलं? "कामात चोख. इतरांत मिसळत नाही. ताठर."

ताठर! लेखी सांगितलेलं काम वेळेत केलं म्हणून.

मान्य, प्रत्येक गोष्टीचा मेल होत नाही. पंधरा माणसांच्या कंपनीत तर नाहीच होत. चहा बाकीच्यांसाठी दिवसातला एकुलता एक श्वास असतो, तोही मान्य. प्या की चहा. पण कंपनीचा निर्णय तिथे घेतलात तर तो परत ऑफिसात आणायचं काम कुणाचं? जो तिथे नव्हता त्याचं?

याच कंपनीत एक स्टोअरचे काका होते. निवृत्तीला आलेले. ऑटिझम हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नसेल, मीही तेव्हा ऐकला होता तो लहान मुलांच्या संदर्भातच. त्या भानगडीनंतर ते चहावरून आले की जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहायचे आणि माझ्या स्टेपलरखाली सरकवायचे. "मॅडम, आजचं वृत्त." त्यात असायचं: "१) चाकणचा माल परत येणार, क्रेडिट नोट लागेल. २) साहेब शनिवारी नाहीत." कधी खाली तिसरी ओळ: "३) भजी बरी नव्हती." मला कधी विचारलं नाही की तू का येत नाहीस. कधी ओढून नेलं नाही. ती चलनं मी बरेच दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली होती. आत्ता हे लिहितानाही जरा थांबावं लागलं मला.

आणि आता आमची ही मोठी, चकचकीत कंपनी बघा. इथे समान संधी धोरण आहे. असावंच लागतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी कंपन्यांनाही ते करून जाहीर करायला सांगितलंय. आमचंही जाहीर आहे, व्हीलचेअरच्या चित्रासकट. त्याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि ऑटिझम त्यात आला. उत्तम. मी धीर करून एचआरकडे गेले. तीन गोष्टी मागितल्या: माझी जागा रोज बदलू नका, डोक्यावरचं ते दर थोड्या वेळाने फुस्स करणारं फ्रेशनरचं यंत्र दुसऱ्या भिंतीवर लावा आणि काम तोंडी सांगितलंत तर नंतर एक ओळ लिहून पाठवा.

उत्तर: "सर्टिफिकेट आहे का? चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं?"

अहो, फ्रेशनरचा एक स्क्रू काढायचाय. मी आरक्षण मागत नाहीये. ते सरकारी नोकरीत असतं, चार टक्के, त्यातलाही एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. आणि सर्टिफिकेटचं म्हणाल तर ते ज्या चाचणीवर मिळतं तिच्यात चाळीस मुद्दे आहेत, नजर देता का, हसून प्रतिसाद देता का वगैरे. मी तीस वर्षं आरशासमोर नजर द्यायला शिकलेय. म्हणजे जितका जास्त जीव काढून सोंग वठवलं तितके माझे गुण कमी. वा!

दुसरं उत्तर याहून भारी. "तुला दिलं तर मग सगळेच मागतील."

मागू देत की! कुणाला नकोय काम लिहून? मायग्रेनवाल्या माणसाला ते फ्रेशनर हवंय का? कमी ऐकू येणाऱ्या आमच्या सीनियरना तोंडी सूचना कळतात का, की नुसती मान हलवतात? विचारलंय कुणी? फुग्यांना पैसे आहेत. स्क्रू काढायला पॉलिसी लागते.

एचआरवाली वाईट नाहीये, हेही सांगते. केक तिने मनापासून आणला होता. तिला वरून ईमेल येतो, फोटो पाठवा म्हणून, आणि फोटोत फुगे दिसतात, न बदललेली खुर्ची दिसत नाही. तरीही. फाईल तिच्याकडे आहे. उघडून बघायला काय जात होतं?

कृपया इनबॉक्समध्ये ध्यान, डाएट आणि ओळखीतले डॉक्टर पाठवू नका. "थोडं ॲडजस्ट करायला शीक" हेही नको, मी सकाळी साडेनऊपासून दुसरं काहीच करत नाही. ज्यांचं माझ्यासारखंच काहीतरी आहे, निदान झालेलं असो वा नसो, त्यांच्यासाठी मी प्रत्येक तोंडी सूचनेनंतर पाठवते तो मेल खाली देतेय. उचला आणि वापरा.

"सर, आत्ताच्या बोलण्यानुसार मी अमुक काम, अमुक पद्धतीने, अमुक तारखेपर्यंत करत आहे. यात काही बदल असल्यास आज सहापर्यंत कळवावे. न कळवल्यास हेच अंतिम धरते."

शेवटचं वाक्य गाळू नका. भोसरीच्या साहेबांना तेच सगळ्यात जास्त झोंबायचं.