ओ ताई, साईड स्टँड!

काल त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने मला ताई म्हटलं. अजून डोक्यातून जात नाहीये.

ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून मला अमिओडॅरोन चालू आहे आणि या गोळीवर ऊन सहन होत नाही, जरा बाहेर पडलो की हात लालभडक आणि चटका असा की फोडणी उडाल्यासारखा. म्हणून बायकोचा सनकोट. गुलाबी फुलांचा, बाह्यांनाच हातमोजे शिवलेला. वर तिचाच स्कार्फ.

"ओ ताई, साईड स्टँड काढा!"

"काढतो," मी खर्जात.

तो रिक्षातून अर्धा बाहेर वाकला. "आयला, दादा का! उधारीवाले मागं लागलेत का?"

म्हटलं, हार्टची गोळी आहे.

"हार्टची? मग कातडीला काय झालं?"

आता सिग्नलवर याला काय काय सांगू, तरी सुरू केलं, की औषध कातडीत साठतं, त्यावर ऊन पडलं की भाजतं, तेवढ्यात मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "पित्त आहे ते. सब्जा घ्या."

"आमच्या साडूला पण स्टेन टाकलीय, तो तर उघडा हिंडतो," रिक्षावाला.

"त्यांची गोळी वेगळी असेल हो."

"मग बंद करा की ही."

बंद मनाने करायची नसते आणि डॉक्टरांनी केली तरी महिनोन्‌महिने अंगात राहते, म्हटलं.

"म्हंजे लग्नाकार्यात पण हेच घालणार?" सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारतायत, आजींना उत्तर हवंय.

डॉक्टर केबिनच्या दारात उभ्या उभ्या म्हणाले होते, "ऊन टाळा." टाळा! एप्रिलात, नाशकात, दिवसभर डिलिव्हरी घेऊन फिरणाऱ्याने! कारच्या बाजूच्या काचेतूनसुद्धा यूव्हीए, म्हणजे उन्हातले हेच भाजणारे किरण, येतातच, म्हणजे गाडी घेऊनही सुटका नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काहींचा चेहरा निळसर-राखाडी होतो, त्यावर बायको म्हणते रामनवमीला पंचवटीत उभं राहायची सोय झाली. हसावं की काय करावं! झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन लावा तर तोंड पांढरंफटक, आणि त्या ट्यूबचं बिल मेडिक्लेमवाल्यांच्या लेखी कॉस्मेटिक. मी काय नटायला लावतोय का रे!

संध्याकाळी मेन रोडला गेलो, म्हटलं साधा, करडा वगैरे सनकोट घेऊ. दुकानदाराने वर न बघताच सांगितलं, जेन्ट्समध्ये येत नाही. फुलं नको असतील तर ठिपके आहेत.