2520 ‘एकमेव’ कशी काय?

22 डिसेंबर, म्हणजे रामानुजन जयंती जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो: ‘1 ते 10 या प्रत्येक संख्येने नि:शेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या 2520. रामानुजन यांनी ती शोधली, पाश्चात्त्य गणितज्ञ थक्क झाले. रहस्य: आठवड्याचे 7 दिवस × महिन्याचे 30 दिवस × वर्षाचे 12 महिने.’

एकमेव? दुप्पट करून बघा. 5040 लाही 1 ते 10 ने भाग जातो, 7560 लाही. हे कधी संपायचंच नाही. खरं एवढंच की अशा संख्यांत 2520 सर्वांत लहान. म्हणजे 1 ते 10 चा लसावि: 8 × 9 × 5 × 7, बाकीचे सगळे यातच आले. 11 ने गुणा, 27,720 येतात, आणि तिला 12 नेही भाग जातो, वेगळं काही न करता. 20 पर्यंत जायचं असेल तर 23,27,92,560. आपल्या मराठी शाळेतलं पोरगंही हे फळ्यावर काढून दाखवेल.

थक्क होण्याचं म्हणाल, तर दिलेल्या संख्यांचा लसावि कसा काढायचा हे युक्लिडनेच इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास लिहून ठेवलंय. इतक्या लांब तरी कशाला जायचं? इ.स. 850 च्या आसपास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरला. राष्ट्रकूट अमोघवर्षाचा तो काळ, राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं आजचं मळखेड. (राष्ट्रकूट कन्नड की मराठी, ते इथे नको. आपल्याला एक वाद पुरे आहे.)

आता 7 × 30 × 12. गुणाकार बरोबर आहे, पण मोजलं काय? 30 × 12 म्हणजे वर्षाचे दिवस, तेही ढोबळ. त्यांना परत 7 ने कशासाठी गुणायचं? जमून आलं कसं, ते मात्र सांगता येतं. 360 म्हणजे 8 × 9 × 5. त्यात कमी होता तो फक्त 7, तो आठवड्यातून आणला. खरे 365 दिवस घेतले तर 2555 येतात. त्यांना 2 नेसुद्धा भाग जात नाही.

रामानुजन यांचा 2520 शी संबंध आहेच, पण तो या मेसेजमध्ये नाही. आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी 1915 मध्ये मोठा निबंध छापला. 2520 ला 48 विभाजक, म्हणून ती त्या यादीत आहे. अशा संख्येचे मूळ अवयव पाडले की लहान अवयवाचा घातांक मोठ्याच्या घातांकापेक्षा कधी कमी नसतो, आणि 4 व 36 सोडल्यास सर्वांत मोठ्या अवयवाचा घातांक नेहमी 1, हे त्यांनी सिद्ध केलं. 2520 मध्ये बघा: 2 तीनदा, 3 दोनदा, 5 आणि 7 एकेकदा. संगणक नसताना त्यांनी ही यादी 67,46,32,83,88,800 पर्यंत नेली. त्यातून एक संख्या निसटली: 2,93,31,86,25,600. तिला विभाजक 5040.