‘टीव्हीवरचा फ्लॅश’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

अतिवेगाने धावणारा नायक फ्लॅश भूतकाळात जाऊन खून झालेल्या आईला वाचवतो आणि त्यामुळे सगळे जगच बिघडते, अशा ‘फ्लॅशपॉइंट’ या 2011 सालच्या पाच अंकी अमेरिकन कॉमिकवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनानंतर जे उत्तर लिहिले होते ते पुसून टाकले आणि मध्ये एक दिवस जाऊ दिला. उशीर झाला तो त्यामुळे. त्यावरूनही आपण एखादा तर्क लढवला असेल, कारण तर्क लढवण्याची आपल्याला हौस दिसते, तर तो कृपया सोडून द्यावा.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. बॅरी ॲलन हा फ्लॅश 1956 साली अवतरला आणि मी 1959 लिहिले. त्याच्या आईचा खून ही 2009 साली घातलेली भर आहे आणि मी ‘फ्लॅशची गोष्ट आईच्या खुनापासून सुरू होते’ असे लिहून गेलो. भविष्यातून आलेल्या इओबार्ड थॉन या बॅरीच्या शत्रूनेच जर तो खून केला असेल, तर आईला वाचवणारा बॅरी इतिहास मोडत नसून मोडलेला सांधतो आहे, मग जगाची वाताहत व्हावी का, हा प्रश्न माझ्या लेखाला पडलेला नाही. बॅटमनची तीन अंकांची जोडमालिका मूळ कथेपेक्षा सरस असून ती मी वाचलेली नसावी. आणि या सगळ्यावर कळस म्हणून आपले शेवटचे वाक्य असे: ‘लेखकाने फ्लॅश बहुधा टीव्हीवरच पाहिलेला दिसतो, आई दिसली की मराठी लेखणी पाझरायला लागते.’

सालाबाबत आपण बरोबर आहात. बॅरी जिथे प्रथम आला तो ‘शोकेस’ या कॉमिकचा चौथा अंक ऑक्टोबर 1956चा, हे मला पाठ असूनही 1959 कसे लिहिले गेले ते कळत नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानतो. चूक मान्य करण्यात मला कधीही कमीपणा वाटलेला नाही.

आता ‘टीव्हीवरच’ या शब्दाकडे वळतो. कोणता टीव्ही आपल्याला अभिप्रेत आहे? फ्लॅश अमेरिकेच्या छोट्या पडद्यावर स्वतःची मालिका घेऊन एकदा नव्हे, दोनदा आला, प्रथम 1990 साली आणि नंतर 2014 साली. ‘फ्लॅशपॉइंट’चा शेवटचा अंक 31 ऑगस्ट 2011 रोजी निघाला आणि मी तो पुढच्याच वर्षी वाचला, म्हणजे आपल्या मनात असलेली मालिका सुरू होण्याच्या आधी. पण मुद्दा तारखांचा नाहीच. एखाद्याच्या लेखातले एक वाक्य आपल्याला पटले नाही, तर ते का पटले नाही एवढे सांगून थांबता येते. त्या वाक्यावरून लेखकाने आयुष्यात काय वाचले आणि काय नाही याचा निवाडा करणे, आणि तोही ‘बहुधा’ आणि ‘दिसतो’ अशा दोन शब्दांच्या आडोशाला उभे राहून करणे, याला मी टीका मानत नाही. टीका करणाऱ्याने निदान समोर येऊन उभे राहावे.

माझ्या वाचनाचा हिशेब आपल्याला देणे मला बंधनकारक नाही, तरी देतो. 1980च्या दशकात आम्ही माटुंग्याला राहत होतो. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत अमेरिकन कॉमिकचे सुटे अंक मिळत, कधी मुखपृष्ठ नसलेले, कधी मधली पाने गळालेले. फ्लॅशचा 275वा अंक मला तिथे मिळाला. 1979च्या त्या अंकात बॅरीची पत्नी आयरिस मारली जाते. पुढचा अंक मला कधीच मिळाला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी मिळाला तो कितीतरी जुना अंक, आणि त्यात आयरिस जिवंत होती, नेहमीसारखी उशीर झाल्याबद्दल बॅरीवर वैतागलेली. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, ‘हा आधीचा अंक आहे.’ हे उत्तर बरोबर होते, पण माझ्या वाचनात ती मेल्यानंतर परत आली होती, आणि तिचे पुढे काय होणार हे मला माहीत होते, तिला नव्हते. रद्दीच्या ढिगातून फ्लॅश वाचणारा प्रत्येक मुलगा असा काळाच्या उलटसुलट प्रवासातच होता. वर्गणी भरून ओळीने अंक वाचणाऱ्यांना हे कळेलच असे नाही.

म्हणूनच ‘मूळ भूतकाळ’ या शब्दाविषयी आपल्याला जो जिव्हाळा वाटतो तो मला वाटत नाही. जुन्या कथांत बॅरीचे आईवडील दोघेही हयात होते, हे मला ठाऊक आहे. आईचा खून आणि त्यासाठी वडिलांवर आलेला आळ ही 2009च्या ‘द फ्लॅश : रीबर्थ’ या मालिकेत लेखक जेफ जॉन्स यांनी घातलेली भर आहे, हेही ठाऊक आहे. ‘सुरू होते’ हे मी ‘फ्लॅशपॉइंट’पुरते लिहिले होते आणि संदर्भाने वाचणाऱ्याला ते समजले असते. पण क्षणभर आपले म्हणणे जसेच्या तसे घेऊ. फ्लॅशचा भूतकाळ 2009 साली पहिल्यांदाच बदलला का? लग्न होऊन काही वर्षे लोटल्यावर, 1971च्या 203व्या अंकात, आयरिस मुळात तिसाव्या शतकात जन्मलेली आहे असे वाचकांना सांगण्यात आले. तेव्हा कोणी ‘मूळ’ आयरिससाठी गळा काढला का? 1961च्या 123व्या अंकात लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार कारमाइन इन्फँटिनो यांनी बॅरीला दुसऱ्या पृथ्वीवर नेऊन 1940च्या जुन्या फ्लॅशशी, म्हणजे ‘जे गॅरिक’ या पात्राशी, गाठ घालून दिली. आणि हा जे गॅरिक तर बॅरीने स्वतःच्या पहिल्याच कथेत कॉमिकमध्ये वाचलेला होता! वाचलेले पात्र समोर येऊन हात मिळवते ते चालते, पत्नीचे जन्मशतक बदलते तेही चालते, मात्र आई मारली की पावित्र्यभंग होतो. ही शिस्त आपण कुठून आणलीत?

आता ‘आई दिसली की’ या भागाबद्दल. माझी आई 2003 साली गेली. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. बॅरी कचेरीत जागा होतो, अंगातला वेग गेलेला असतो, आणि जिन्यापाशी आई जिवंत उभी असते, त्या पानावर मी का थांबलो ते कुत्सित शेरा मारणाऱ्याला कळावे एवढ्यासाठी लिहितो. माणसे गमावलेल्या वाचकाला तिथे थांबावेच लागते, आणि त्याला मराठी लेखणीचे पाझरणे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मात्र माझा लेख आईवर नव्हताच, हे आपण शेवटपर्यंत वाचले असते तर लक्षात आले असते. तो पत्रावर होता.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. नेहमीच्या कथेत गल्लीत आईबाप मारले जातात आणि त्यांचा लहान मुलगा ब्रूस पुढे बॅटमन होतो. त्या बिघडलेल्या जगात गल्लीत मेला तो लहान ब्रूस, आणि बॅटमन झाला तो त्याचा बाप थॉमस वेन. जग पूर्ववत झाले की आपण त्यात नसणार, हे थॉमसला माहीत आहे. तरी तो बॅरीला त्याची शक्ती परत मिळवण्यासाठी मदत करतो. विजेचा पहिला प्रयोग बॅरीला भाजून काढतो, दुसरा यशस्वी होतो. पुढे हा थॉमसच थॉनला मागून तलवार भोसकतो आणि मुलासाठी एक पत्र बॅरीच्या हाती देतो. बॅरी आईचा निरोप घेऊन मागे धावतो आणि यावेळी स्वतःला अडवतो. त्याची आई जाते. अँडी क्युबर्ट यांनी चितारलेल्या शेवटच्या पानांत ते पत्र ब्रूसच्या हाती पडते आणि बॅटमनच्या डोळ्यांतून पाणी येते. पुसल्या गेलेल्या इतिहासातून एका बापाचे हस्ताक्षर तेवढे इकडे आले. जो बाप त्याच्या जगात मुलगा गमावून बसला, त्याचा कागद, जो मुलगा या जगात बाप गमावून बसला, त्याला मिळाला. आणि पोचवणारा स्वतः रिकाम्या हातांनी परतलेला. माझ्या लेखाचा निम्म्याहून अधिक भाग यावर होता. आपल्या प्रतिक्रियेत ‘पत्र’ हा शब्द एकदाही नाही.

राहिला तर्काचा प्रश्न, की थॉनचा बदल टिकतो आणि बॅरीचा का टिकत नाही. कालप्रवासाच्या गोष्टीत अशी भोके असायचीच. बॅरीच्या धावण्यानेच जग मोडले असे थॉन त्याला सांगतो आणि कथेपुरते तेवढे मला पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. बॅटमनची ती जोडमालिका, ब्रायन ॲझरेलो आणि एदुआर्दो रिसो यांची, मी वाचली आहे आणि मला ती आवडते. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्टीचा उल्लेख करण्याची प्रथा अजून पडलेली नाही. डीसी या प्रकाशकाला सप्टेंबर 2011मध्ये 52 मालिका नव्याने सुरू करायच्या होत्या म्हणून ही कथा घडवली गेली, असेही आपण कंसात सुचवले आहे. धंदा होता, कोण नाही म्हणतो?

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. आपण माझे 1959 हे साल खोडायला लावलेत आणि मी ते खोडले. आपणही आपल्या वाक्यातला ‘टीव्हीवरच’ हा एक शब्द खोडावा, एवढीच विनंती आहे. तो खोडल्यावर उरलेल्या मुद्द्यांवर बोलायला मी केव्हाही तयार आहे.