‘चेकिंग’ म्हणजे करंट नव्हे: वाड्याच्या ग्रुपवरच्या इशाऱ्याला उत्तर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. गणपतीची वर्गणी गोळा करायला काढला होता. विसर्जन झालं तरी तो कोणी बंद करत नाही, मग वर्षभर त्यात सुप्रभात, गुळवेलीचे काढे आणि पैशाविषयीचे इशारे येत राहतात. गेल्या महिन्यात असाच एक इशारा आला आणि आठ दिवसांत चार जणांनी तो मला परत पाठवला, कारण मी बँकेत काउंटरमागे एकतीस वर्षं काढली आहेत.

मजकूर साधारण असा: ‘सावधान! बचत खात्यातून महिन्यात सहापेक्षा जास्त वेळा पैसे काढले तर बँक खातं बंद करते. रोजच्या खर्चासाठी चेकिंग, म्हणजे करंट खातं उघडा. बचत खात्यात दहा तारखेच्या आत पैसे भरले तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. बचतीत दहा लाखांच्या वर शिल्लक गेली की इन्कम टॅक्सची धाड. करंटमधल्या पैशाला विमा नसतो, तिथे जास्त ठेवू नका.’

करंट उघडा म्हणायचं आणि त्यात पैसे ठेवू नका म्हणायचं. एवढ्यावरच हसून सोडून दिलं असतं. पण तळमजल्यावरच्या वहिनी, ज्या भाजणी आणि चकल्या करून विकतात, त्यांनी हे वाचून खरंच करंट खातं उघडलं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, होतीच, बँकेने हसत हसत उघडून दिलं.

आधी सहा वेळांचं बघू. हा आकडा कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही, तो अमेरिकेतला आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, ‘रेग्युलेशन डी’ या नियमात बचत खात्यातून महिन्याला सहाच सोयीस्कर व्यवहार करता येत: फोनवरून, ऑनलाइन, चेकने वगैरे. स्वतः शाखेत जाऊन किंवा एटीएममधून काढलेले पैसे त्यात धरत नसत. ही सक्तीही २४ एप्रिल २०२० रोजी उठली. काही बँका अजून आपापली मर्यादा ठेवतात, तो त्यांचा प्रश्न. म्हणजे परक्या देशातला, अर्धवट समजलेला आणि उठून गेलेला नियम बडोद्यात येऊन वहिनींना घाबरवून गेला. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी ज्या गावात बँक ऑफ बडोदा सुरू केली, त्या गावाने बँकेचं शहाणपण अमेरिकेहून उसनं आणायचं!

आपल्याकडे काय आहे? बचत खात्यातून किती वेळा आणि किती पैसे काढू द्यायचे यावर बँक बंधन घालू शकते, पण व्यवहारात ते बंधन खातं बंद करण्याचं नसतं, शुल्काचं असतं. एटीएमचं घ्या. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, आणि बडोदा महानगरांच्या यादीत नसल्यामुळे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरही पाच. मुंबईकरांना तिथे तीनच. पुढच्या प्रत्येक वेळेला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि वर कर. सेवउसळवाल्याला यूपीआयने दिलेले चाळीस रुपये या हिशेबात येत नाहीत. झीरो बॅलन्सच्या मूलभूत बचत खात्यात महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट असतं. त्याच्यापुढे काय, ते आपल्या शाखेत विचारावं.

खरी गोची ‘चेकिंग म्हणजेच करंट’ या तीन शब्दांत आहे. अमेरिकेत पगारदार माणसाचा पगार चेकिंग खात्यात येतो, घरभाडं, वीज, किराणा त्यातून जातो. बचत खातं बाजूला साठवायला. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकटं बचत खातं करतं. चेकबुक त्यालाच, डेबिट कार्ड त्यालाच, यूपीआय त्यालाच, पेन्शन त्यातच, गॅसची सबसिडीही त्यातच. आपलं करंट, म्हणजे चालू खातं, दुकानदार, पेढ्या आणि कंपन्या यांच्यासाठी. व्यवहार कितीही करा, ठरल्यास ओव्हरड्राफ्टही घ्या, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त उचला, पण व्याज शून्य. रिझर्व्ह बँकेच्या नियमातच चालू ठेव ही बिनव्याजी आहे. अमेरिकेतही १९३३च्या बँकिंग कायद्यापासून अशा खात्यावर व्याज द्यायला बंदी होती, ती २०११ साली उठली. घरखर्चासाठी करंट उघडणं म्हणजे भाजीच्या पिशवीऐवजी हातगाडी भाड्याने घेण्यासारखं.

वहिनींनी ते भाडं भरलं. एका दुपारी पोळ्या आटोपून पीठ लागलेल्या हाताने त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला: ‘ताई, हे काय हो?’ स्टेटमेंटमध्ये दोन ओळी होत्या, ५०० आणि खाली ९०. तिमाहीची सरासरी शिल्लक दहा हजार ठेवायची होती, त्यांची तीन हजारांच्या आसपास होती. पाचशे दंड, त्यावर अठरा टक्के जीएसटी. किती किलो भाजणी विकल्यावर हातात ५९० उरतात, ते त्यांनी मनातल्या मनात मोजलं आणि मला काही सांगितलं नाही. किमान शिल्लक नसल्याचा दंड बचत खात्यालाही लागू शकतो. पण तिथे बँकेने आधी कळवावं लागतं, दंड जेवढी तूट तेवढ्या प्रमाणात लागतो, आणि केवळ या दंडापायी खातं उणे होऊ देता येत नाही. हे संरक्षण बचत खात्याचं आहे. आपल्याच हाताने ते सोडून वहिनी बाहेर पडल्या होत्या.

दहा तारखेची गोष्ट मात्र खोटी नव्हती, शिळी आहे. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज धरत. दर महिन्याच्या नऊ-दहाला आमच्या खिडकीपुढे लागणारी रांग मला अजून आठवते. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजतात. समजा ६०,००० रुपये बारा तारखेला आले आणि वीस दिवस राहिले. अडीच टक्के दराने ८२ रुपये होतात. जुन्या पद्धतीत, महिनाअखेरीला खातं रिकामं केलंत तर, तेवढेही नाहीत. तारखेचा खरा धाक आज पीपीएफला आहे, आणि तिथे ती पाच आहे.

धाडीबद्दल एवढंच, की दहा लाखांचा आकडा शिल्लकेचा नाही, रोख भरण्याचा आहे. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत एकूण दहा लाख किंवा जास्त रोकड भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते. करंटला हीच मर्यादा ५० लाख. कळवणं म्हणजे धाड नव्हे. जमीन विकून चेकने आलेले पंधरा लाख बचतीत पडून असतील तर हा नियम त्यांच्याकडे बघतही नाही. विक्रीवरचा कर ही वेगळी गोष्ट.

विम्याचं वाक्य सरळ चूक आहे. बचत, करंट, मुदत, आवर्ती, सगळ्यांना ठेव विमा आहे, व्याज धरून पाच लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी तो एक लाख होता. पण पाच लाख प्रत्येक खात्याला नसतात, एका बँकेत एका माणसाला असतात. आमच्या वाड्यातले एक काका मांडवीच्या शाखेत पाच आणि त्याच बँकेच्या अलकापुरी शाखेत पाच ठेवून निर्धास्त आहेत. दोन शाखा, पण बँक एकच, म्हणून विमा पाचालाच. एकट्या मालकाच्या दुकानाचं करंट आणि त्याचं स्वतःचं बचत खातंही एकाच बँकेत असेल तर एकत्र धरतात. काकांना हे सांगितल्यापासून ते माझ्याशी जरा कमी बोलतात.

आता मेसेजच्या बाजूने एक गोष्ट. धंद्याच्या नावाने बचत खातं उघडता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. वहिनींना करंट बंद करायला सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आणि खंडेराव मार्केटकडे गाळा मिळाला तर?’ त्याची बोलणी चालू आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग पाटीवर जे नाव लावाल त्या नावाने करंट उघडा, म्हटलं, आणि उघडण्याआधी किमान शिल्लक किती ते लेखी घ्या. त्यांनी ते किराण्याच्या यादीच्या मागे लिहून घेतलं.