‘मॅनेजर काढा, कल्पना येतील’ म्हणे!

मॅनेजर काढून टाका, सगळ्यांना एका पातळीवर आणा, की कर्मचाऱ्यांची कल्पकता आपोआप बहरते, असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘मॅनेजर गेले की काम वेगात होतं.’ गूगलने 2002 मध्ये इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून पाहिले. खर्चाची बिलं आणि आपसातल्या कुरबुरी थेट गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागल्या, काही महिन्यांतच प्रयोग गुंडाळला. हिशेब साधा आहे. एका प्रमुखाकडे 30 माणसं आणि प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास, म्हणजे 15 तास गेले. मग तो भेटणंच बंद करतो आणि कच्ची कल्पना ऐकायला कुणी उरत नाही.

‘उतरंड कल्पकता मारते.’ टोयोटात पदांची उतरंड आहेच, तरी कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत तिथे 1951 पासून चालत आलीय. खरा घात करतात त्या एकामागून एक लागणाऱ्या सह्या. समजा, पाच जणांची मंजुरी हवी आणि प्रत्येक जण दहातल्या आठ कल्पनांना हो म्हणतो (असे उदार साहेब मिळाले तर!). 0.8 ला पाच वेळा गुणा: शंभरातल्या जेमतेम 33 शेवटाला पोचतात. म्हणून ठरावीक रकमेपर्यंतचा प्रयोग लगतच्या वरिष्ठानेच मंजूर करावा, वरच्यांना नुसतं कळवावं. नकार लेखी असावा, कारणासकट आणि दोन आठवड्यांच्या आत. शिवाय दुसऱ्या विभागाचं दार ठोठावायची मुभा हवी. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत शास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये अर्धवट चिकटणारा गोंद सापडला, पण त्याचा उपयोग 1974 मध्ये सुचला तो वेगळ्या विभागातल्या आर्ट फ्राय यांना. त्यातून बनलेलं पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विक्रीला आलं 1980 मध्ये. मधली वर्षं ती कल्पना जगली, कारण कामाचा 15 टक्के वेळ स्वतःच्या प्रयोगांना द्यायची सवलत तिथे होती. आणि हो, मॅनेजरही होते.

‘भिंती पाडा, माणसं बोलतील.’ 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. दोन मोठ्या कंपन्यांत मोकळी बैठकव्यवस्था आल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले.

‘सगळे एकत्र बसा, सुचेल.’ गटात एका वेळी एकच जण बोलतो. बाकीचे पाळीची वाट बघताना सुचलेलं विसरतात, नाहीतर साहेबांच्या पहिल्या वाक्याच्या मागे जातात. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गुपचूप लिहावं, कागद नावांशिवाय गोळा करावेत, मग चर्चा. साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलावं.