प्रश्न कर्ज मिळण्याचा नाही, फेडीच्या अटीचा आहे

सरकारी मालकी आणि परदेशी कर्ज एवढ्यावर झांबियाच्या तांब्याच्या खाणी सावरतील, हे एका लेखातलं गृहीतक मला पटत नाही. तिथल्या मोपानी या तांब्याच्या खाणीचंच बघा. २०२१ मध्ये झेडसीसीएम-आयएच या सरकारी खाण-गुंतवणूक कंपनीने ग्लेनकोर या स्विस खाण कंपनीचा हिस्सा नाममात्र एका डॉलरला घेतला, पण सोबत दीड अब्ज डॉलरचं कर्ज आलं. फेड नुसती नफ्यातून नाही, ढोबळ विक्रीतूनही: आधी ३ टक्के, नंतर १० ते १७.५ टक्के. म्हणजे खाण तोट्यात असली तरी ही कपात आधीच. खाणीतलं तांबं विकत घ्यायचा हक्कही कर्ज फिटेपर्यंत ग्लेनकोरकडेच ठेवला होता. मग शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायचा उभा बोगदा, खोल न्यायला पैसा उरणार कुठून? शेवटी २०२४ मध्ये अमिरातीच्या आयआरएच या कंपनीला १.१ अब्ज डॉलरच्या बदल्यात मोपानीचे ५१ टक्के द्यावे लागले.

झांबियातल्याच कोंकोला या तांब्याच्या खाणीची गत आणखी वेगळी. ती जगातल्या सर्वांत ओल्या खाणींपैकी एक. उत्पादन बंद असलं तरी पाणी उपसणारे पंप बंद करता येत नाहीत, नाहीतर खालचे मजले बुडतात. पंपांच्या विजेचं बिल हे कर्जाच्या हप्त्याआधीचं देणं. करारात ते आधी, मग देखभाल, मग हप्ता, आणि तोही तांब्याचा भाव पडल्यावर आपोआप कमी होणारा, असा क्रम हवा.